वत्सला गुण म्हणत नाही

वत्सला गवस हिची आणि माझी ओळख गोव्यातील साखळी येथील सुयांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर झाली. डॉक्टर त्या उपचाराला ॲक्युपंक्चर म्हणतात. आम्ही गावची माणसे सुयांचा दवाखाना एवढेच म्हणतो. माझे अर्धे आयुष्य सुर्ल्याच्या खाणीवर दगड निवडण्यात आणि उरलेले शेतात वाकण्यात गेले. त्यामुळे गुडघे निकामी होत आले होते, म्हणून मी तेथे गेले. वत्सला आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती. त्या दिवशी आम्हा दोघींपैकी एकीलाही वाचता येत नव्हते. हे मी आधीच सांगते, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ त्यात आहे.

तिचा नवरा सगुण गवस हा मूळचा बांद्याकडचा. तरुणपणी तो कामासाठी गोव्यात आला आणि सुर्ल्यात राहिला. बावीस वर्षे त्याने खाणीवरून जेटीपर्यंत मालाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर तो वाळपईच्या बाजारात भाजीची गाडी नेऊ लागला. आवाजाचा मोठा माणूस होता. इंजिन चालू असतानाही त्याचे बोलणे रस्त्यापलीकडे ऐकू येई, असे वत्सला सांगे. त्यांना एकच मुलगी. ती लग्न होऊन गेली होती. मग एके दिवशी सकाळी दात घासताना सगुण खाली पडला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. मोठ्या इस्पितळातून घरी सोडल्यानंतर चार महिन्यांनी वत्सला त्याला साखळीला घेऊन आली.

दवाखान्यात डॉक्टर भाग्यलक्ष्मी होत्या. त्या बेळगावच्या. मदतीला कोणी नसल्याने नव्या रोग्याचा कागद त्या स्वतःच भरत.

"पेशंटचं नाव काय?" त्यांनी विचारले.

वत्सला कमरेची पिशवी चाचपू लागली.

"बाई, यांचं नाव सांगा ना."

वत्सलाने माझ्याकडे पाहिले. मी तिला ओळखत नव्हते, तर तिच्या नवऱ्याचे नाव मला कोठून ठाऊक असणार? तरी तिची अडचण मला कळली. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाहीत. बरोबर दीर किंवा मुलगा असेल तर तो सांगतो. तिच्याबरोबर कोणीच नव्हते. शेवटी तिने कमरेच्या पिशवीतून नवऱ्याचे ड्रायव्हिंग लायसन काढले आणि टेबलावर ठेवले.

डॉक्टरबाईंनी मोठ्याने वाचले, "सगुण बाबाजी गवस."

ते ऐकून चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सगुणने मान वर केली. वत्सलाने पदर सावरला. मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "तीस वर्सां झाली, बाय. एकदाय गरज पडूक नाय. ते घराच्या वळणार इले की दोनदा हॉर्न मारीत. मी चाय ठेवी."

डॉक्टरबाई नव्या माणसाला सर्व समजावून मगच हात लावीत. त्यांनी आम्हाला दोघींनाही एकदमच सांगितले. येताना उपाशी येऊ नये, थोडेसे खाऊन यावे. कपडे सैल असावेत. सुई केसासारखी बारीक असते, ती आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढली जाते आणि पुन्हा कोणाला वापरली जात नाही. टोचताना डास चावल्यासारखे वाटते, मग त्या जागी जड किंवा ऊबदार वाटते. वीस-पंचवीस मिनिटे न हलता पडून राहायचे. चक्कर आली तर लगेच हाक मारायची. रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत, कारण सुया गोळ्यांच्या जागी नाहीत, त्या गोळ्यांच्या सोबतीला आहेत.

माझ्या गुडघ्यात सुया घातल्यावर त्यांनी मला विचारले, "आजी, मुंग्या आल्या का?"

मी खाटेच्या पायाशी पाहिले आणि म्हटले, "खय? माका दिसूंक नात."

पलीकडच्या खाटेजवळ उभी असलेली वत्सला पदरात तोंड घालून हसली. सगुणच्या ओठांचा डावा कोपरासुद्धा हलला. तेव्हापासून आम्ही बुधवारी आणि रविवारी एकाच बसने जाऊ लागलो.

मात्र त्याच पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती आणि तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. सगुणच्या सुया काढून झाल्यावर डॉक्टरबाई धीर देण्यासाठी म्हणाल्या, "हळूहळू गुण येईल." हे ऐकताच वत्सलाने पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली.

त्या दिवशी आणि पुढे प्रत्येक बैठकीच्या शेवटी डॉक्टरबाई विचारीत, "कसं आहे? काही गुण?" वत्सला पदर तोंडाला लावी आणि मान खाली घाली. डॉक्टरबाई कागदावर काहीतरी लिहीत आणि पुढच्या खाटेकडे जात. तीन खाटा होत्या आणि त्या एकट्या होत्या, त्यामुळे त्यांना थांबायला वेळ नसे. असे सहा वेळा झाले. तीन आठवडे गेले.

सहाव्या बैठकीनंतर डॉक्टरबाई कागद हातात घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "वत्सलाबाई, सहा वेळा झाल्या. मी प्रत्येक वेळी विचारलं, प्रत्येक वेळी 'नाही' लिहिलंय. काहीच फरक नसेल तर यांना इतक्या लांब आणून दमवणं बरोबर नाही. दहापर्यंत बघू, मग थांबवू."

वत्सलाने सगुणची खुर्ची वळवली. बसस्टँडवर येईपर्यंत ती रडत होती.

"काल त्यांनी पेलो धरल्यानी, गो," ती मला म्हणाली. "उजव्या हातान. पयल्या आठवड्यातच बोटां हलाक लागली. आणि ही बाई म्हणता, बंद करूया!"

"मगे तू सांगलंस कित्याक नाय?"

"सांगलंय तर! मान खाली घातलंय. बायलमाणूस आणि कसा 'हो' म्हणतला? माझा लगीन ठरला तेव्हा बापाशीन इचारल्यान, तेव्हाय मी मान खालीच घातलंय. कोणी 'नाय' समाजला नाय!"

"पण तोंडान बोलूक काय झाला? गुण आसा म्हणूचा."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "तोच शब्द ना, बाय. माझ्या तोंडात तो शब्द नाय. तो त्यांच्या नावातलो."

तेव्हा मला उलगडा झाला. सगुण या नावात गुण हा शब्द आहे. सासरी आल्यापासून वत्सलाने तो शब्द टाकला होता. औषध लागू पडले तर ती 'उतार पडलो' म्हणे. कोणाच्या चांगल्या स्वभावाविषयी बोलायचे तर 'बरो स्वभाव' म्हणे. डॉक्टरबाई तोच शब्द सर्वांसमोर तिला विचारीत आणि ती लाजेने मान खाली घाली. ती समजत होती की आपण 'हो' म्हटले. तिच्या डोळ्यांसमोर कागदावर सहा वेळा 'नाही' लिहिले गेले आणि तिला ते वाचता आले नाही. मलाही आले नाही. मी दर वेळी शेजारच्या खाटेवर होते.

बस सोडून आम्ही परत गेलो. डॉक्टरबाईंनी सर्व ऐकून घेतले. सगुणच्या उजव्या हातात पाण्याचा पेला दिला. त्याने तो धरला. पाणी थोडे सांडले, पण त्याने पेला सोडला नाही. डॉक्टरबाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "मी तोंडाकडे बघितलं, हाताकडे बघायला हवं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर मी वाचेसाठीच्या सुयांच्या जागा लवकर घेतल्या असत्या. त्यानं काही झालंच असतं असंही नाही म्हणा." मग त्यांनी वत्सलाला विचारले, "'फरक' म्हटलेलं चालेल ना? त्यात यांचं नाव नाही."

"फरक चलता," वत्सला म्हणाली.

त्या दिवसानंतर उपचार पुढे चालू राहिला. हाताला फरक पडत होता. वाचेचे मात्र काही सांगता येत नाही, असे डॉक्टरबाई स्पष्टपणे म्हणत. त्यांनी वत्सलाला एक काम दिले. सुया असताना सगुणशी बोलत राहायचे आणि मधूनमधून त्याला नावाने हाक मारायची. स्वतःचे नाव माणसाला सर्वांत आधी ओळखू येते आणि कधीकधी सर्वांत आधी तोंडात येते, असे त्यांचे म्हणणे होते.

वत्सला सगुणच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "अहो!"

पडद्यापलीकडच्या खाटेवरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काय गे?"

सर्व दवाखाना हसला. डॉक्टरबाईसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, "बघा वत्सलाबाई, 'अहो' म्हटलं तर अर्धी साखळी वळून बघेल. नाव घ्या." वत्सलाही हसली, पण नाव घेतले नाही. सगुण तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

त्याच सुमारास सुर्ल्याच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. निवृत्त शिक्षक गोकुळदास गुरुजी तो चालवीत. सहा वेळा लिहिलेल्या 'नाही'मुळे आम्ही दोघींनीही वर्गात नाव घातले. मला आपण कशावर अंगठा उठवतो ते वाचायचे होते. वत्सलाचा हेतू वेगळा होता. पहिल्याच संध्याकाळी ती गुरुजींना म्हणाली की तिला तीन अक्षरे आधी पाहिजेत. पण कोणती ते ती सांगेना. शेवटी तिने पुन्हा ते लायसन काढले आणि नावावर बोट ठेवले.

गुरुजी म्हणाले, "वत्सला, सगळी बाराखडी सोडून तुका हीच तीन बरी सापडली! ण हे अक्षर मी दुसऱ्या महिन्यात शिकवतां."

"माका आताच होया, गुरुजी. तोंडान घेवचंय नाय. लिवतलंय फकत."

लिहिणे म्हणजे तोंडाने घेणे नव्हे, हा तिचा विचार होता. गुरुजींनी त्यावर वाद घातला नाही. तिने पंधरा दिवस तीच तीन अक्षरे गिरवली. तिच्या 'ण'चे पोट नेहमी मोठे होई. मग एका रविवारी ती पाटी पदराखाली धरून दवाखान्यात आली. सगुणच्या कपाळावर, हातावर आणि पायावर सुया होत्या. तिने पाटी त्याच्यासमोर धरली.

सगुणला पूर्वी वाचता येत असे. त्याने पाटीकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलले. त्याने घशातून काढलेला आवाज मी माझ्या खाटेवरून ऐकला. "गु," असा तो आवाज होता. मग तो थांबला आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे पाहू लागला.

वत्सलाने पाटी आणखी जवळ नेली. तो पाटीकडे पाहीना.

घरी जाताना ती म्हणाली, "ते पाटयेकडे बगनत नाय, देवकीबाय. माझ्या तोंडाकडे बगतत. मी कधी म्हणतंय, त्येची वाट बगतत."

"मगे म्हण ना, गो. औषध म्हणून म्हण."

"तिनय खाटींवर माणसां असतत. भायर माणसां असतत. तोंड उघडलंय की हातपाय गार पडतत माझे."

पुढचे तीन रविवार असेच गेले. ती पाटी धरी, तो तिच्या तोंडाकडे पाही, आणि ती "अहो" म्हणे. त्या काळात माझ्या पंधरा बैठका पूर्ण झाल्या. गुडघे पूर्ण बरे झाले नाहीत, पण पायऱ्या चढता येऊ लागल्या. मी दवाखान्यात जाणे बंद केले. वर्गात मात्र आम्ही रोज भेटत होतो.

साक्षरता परीक्षा एका रविवारी सकाळी ठेवली होती. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, वर्ग सुटल्यावर वत्सलाने मला वाटेत थांबवले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सोबत येण्यास सांगितले. कशासाठी तेही सांगितले. तिचे ते शब्द मी शेवटी लिहीन. मी तिला म्हटले की उद्या परीक्षा आहे, तू पण परीक्षेला बस, दवाखान्यात बुधवारी जाऊ. ती म्हणाली, "बुधवार? बरां, बगूया." ती रागावली नाही. मी परीक्षेला गेले. त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्यासमोर छापील प्रश्नांचा कागद आला होता आणि तो मला सोडायचा नव्हता. ती परीक्षेला आली नाही. ती सगुणला घेऊन एकटीच साखळीला गेली. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. तिने पाटी धरली आणि "अहो" म्हटले, असे डॉक्टरबाईंनी मला नंतर सांगितले.

बुधवार आलाच नाही. मंगळवारी दुपारी जेवताना सगुणला दुसरा झटका आला. शेजाऱ्यांनी रुग्णवाहिका बोलावली. मी धावत गेले आणि वत्सलाबरोबर गाडीत बसले. इस्पितळात कागद पुढे आला आणि परिचारिकेने नाव विचारले. या वेळी वत्सलाने लायसन काढले नाही. तिने पेन घेतले आणि स्वतःच्या हाताने लिहिले, सगुण. 'ण'चे पोट मोठे झाले. परिचारिकेने ते एका दमात वाचले.

आत गेल्यावर तीच परिचारिका म्हणाली, "आजी, त्यांना हाक मारा. जवळच्या माणसाचा आवाज कधी कधी ऐकू जातो."

वत्सला वाकली. तिचे ओठ कितीतरी वेळ उघडे होते. मी तिच्या पाठीमागे उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, घे, वत्सला, घे. तिच्या तोंडून "अहो" असेच आले. ती पुन्हा म्हणाली, "अहो, माका ऐकतास मां?" सगुणने डोळे उघडले नाहीत. संध्याकाळी पाचच्या सुमारास तो गेला.

महिन्याभराने परीक्षेचा निकाल लागला. मी उत्तीर्ण झाले. माझे प्रमाणपत्र काचेत बसवून मुलाने भिंतीवर लावले आहे. वत्सलाचे प्रमाणपत्र नाही.

वर्षश्राद्धानंतर डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी वत्सलाला दवाखान्यात कामाला बोलावले. नव्या माणसांजवळ बसायला त्यांना कोणी हवे होते. वत्सला तयार झाली. आता ती रोज सकाळच्या बसने सुर्ल्याहून साखळीला जाते. तिच्या कामाची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे. सुया घालताना ती बोटांवर मोजते आणि काढताना मोठ्याने मोजते. आकडा जुळला की सुया पिवळ्या डब्यात जातात. एक जरी कमी पडली तरी ती रोग्याला उठू देत नाही. एकदा अकरा घातल्या आणि दहा निघाल्या. अकरावी एका बाईच्या केसांत सापडली. तोवर वत्सलाने त्या बाईला खाली पाय टेकू दिला नव्हता.

नवा माणूस घाबरलेला असतो. वत्सला त्याच्या शेजारी बसते आणि सांगते, "काय खावन इलास? नाय? मगे आधी बिस्कीट खावा, डॉक्टरीण पळान नाय जायत. सुई बगूक मोठी वाटता, लागता मशान चावल्यासारखी. मुंगयो येतत, त्यो आंगाच्या भुतुरच्यो, खाटीर शोधू नकात." असे म्हणून ती माझ्याकडे पाहते. मी तेथे असले तर सर्वांसमोर हसावे लागते. मग ती पुढे सांगते की पहिल्या दिवशी काहीच कळणार नाही, एखाद्या जागी निळे डाग पडतील, ते चार दिवसांत जातील, सुया काढल्यावर उठण्याची घाई करू नये आणि आपल्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नयेत.

लोक तिला नेहमी एकच प्रश्न विचारतात. "मावशी, सुयांनी गुण येतो का?"

ती म्हणते, "फरक पडता. सगळ्यांका पडता असा नाय. तुमका पडलो तर तोंडान सांगा, मान हलवू नकात."

मी तिला एकदा विचारले की आता तो शब्द म्हणायला काय हरकत आहे. ती कापसाचे बोळे वळत होती. म्हणाली, "सवय नाय, बाय," आणि वळत राहिली. एखादी बाई नवऱ्याला घेऊन येते आणि नाव विचारल्यावर इकडेतिकडे पाहू लागते, तेव्हा वत्सला तिच्यापुढे कागद आणि पेन ठेवते. लिहिता येत नसेल तर ती त्या बाईला पडद्याच्या आत नेते आणि स्वतः बाहेर उभी राहते. आतून अगदी हळू आवाजात नाव ऐकू येते. वत्सला ते ऐकते आणि कागदावर लिहिते.

त्या शनिवाराविषयी ती माझ्याशी आजपर्यंत एक शब्दही बोललेली नाही. आम्ही अजून एकाच बाकावर बसून बसची वाट पाहतो. गोकुळदास गुरुजींनी आम्हा सर्वांना आपल्या ओळखीच्या एका माणसाविषयी खरे लिहावे असे सांगितले, म्हणून मी हे लिहिले. त्या संध्याकाळी शाळेच्या फाटकाजवळ माझा हात धरून ती मला म्हणाली होती, "देवकीबाय, उद्या तू माझ्याबरोबर ये. पडदो धरून भायर उभी रव आणि कोणाक आत सोडू नको. माका त्यांका एकदा नावान हाक मारूची आसा."